'हिंदुस्थान' नावाची युद्धनौका



गंगाकाठी बसून सागरावरील युद्धनौकेची कथा सांगणे काहीसे विचित्र वाटेल. परंतु या नौकेचे नाव 'हिंदुस्थान' होते, आणि तिच्या कथेचा एक धागा आपल्या काशीनगरीपर्यंत येऊन पोहोचतो.

ब्रिटिश आरमाराची ही नौका १९ डिसेंबर १९०३ रोजी स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे पाण्यात उतरली आणि १९०५ साली सेवेत दाखल झाली. सुमारे १६,००० टनांचे ते धूड, त्यावर बारा इंची चार तोफा. परंतु १९०६ च्या अखेरीस तशाच दहा तोफांची, अधिक वेगवान 'ड्रेडनॉट' अवतरली आणि 'हिंदुस्थान' ऐन उमेदीतच जुनी ठरली. पहिल्या महायुद्धात तिने उत्तर समुद्रात पहारा केला. मे १९१६ च्या जटलंडच्या संग्रामात मात्र ती नव्हती. १९१८ साली झेब्रुगवरील छाप्यासाठी निवडलेल्या सैनिकांचा तळ तिच्यावर होता. मे १९२१ मध्ये ती भंगारात विकली गेली.

याच नौकेवर १९११ साली युवराज एडवर्ड यांनी तीन महिने उमेदवारी केली होती. तेच युवराज १३ डिसेंबर १९२१ रोजी काशी हिंदू विश्वविद्यालयात आले. दिवस असहकाराचे होते. त्यांच्या दौऱ्यावर देशभर बहिष्कार पुकारला गेला होता. 'हिंदुस्थान' मोडीत निघाली होती आणि खरा हिंदुस्थान जागा झाला होता.

ती नौका केवळ नावापुरतीच आमची होती. तिच्या हयातीत एकाही भारतीयाला रॉयल इंडियन मरीनमध्ये अधिकारपद मिळाले नव्हते, डी. एन. मुखर्जी यांना ते प्रथम मिळाले, तेव्हा १९२८ साल उजाडले होते.

पुढे तेच नाव येथील आरमाराच्या एका लहान नौकेस मिळाले. फेब्रुवारी १९४६ मध्ये कराची बंदरात तिच्यावरील भारतीय नाविकांनी उठाव केला, तोफांचा मारा सोसला, काहींनी प्राणही वेचले. फाळणीनंतर ती पाकिस्तानकडे गेली आणि 'कारसाझ' झाली. नाव पुसले गेले; परंतु ते सार्थ केले त्या खलाशांनी, बारा इंची तोफांनी नव्हे.

आपल्या भाषेत 'नाव' म्हणजे होडीही आणि नामही. काशीच्या घाटांवर अहिल्याबाई, भोसले, शिंदे ही नावे आहेत, कारण त्यांनी येथे पायऱ्या बांधल्या. आमच्या मंडळानेही आपल्या पाटीवर मराठी हे नाव पन्नास वर्षे मिरविले. ते पुढे टिकावयाचे तर आमची मुले घरी मराठी बोलतील, वाचतील, आणि मंडळाची कामे अंगावर घेतील, एवढेच पाहावे लागेल. तेवढे आम्ही करू या.