बावटा चढला, पण ब्रेक कोणाच्या हाती?



भुसावळात चक्रीवादळावर व्याख्यान म्हटल्यावर पुष्कळांना हसू आले असेल. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. परंतु आमचे हे गाव रेल्वेचे आहे. सिग्नल म्हणजे काय, हे येथे शाळकरी पोरही सांगेल. आजचा विषय सिग्नलचाच आहे. म्हणून कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्या माणसाने त्यावर बोलण्याचे धाडस केले आहे.

प्रथम वादळ म्हणजे काय ते पाहू. समुद्राचे पाणी वरच्या थरात सुमारे २६ ते २७ अंशांपर्यंत तापले की वाफ भराभर वर चढते. वर तिचे पाणी होताना उष्णता सुटते, हवा आणखी वर जाते आणि खाली दाब उतरतो. त्या पोकळीकडे चोहोबाजूंनी वारे धावतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात ते घड्याळाच्या उलट दिशेने घुमू लागतात. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरच्या वर गेला की हवामान खाते त्याला चक्रीवादळ म्हणते आणि त्याचे नाव ठेवते.

त्याची संकटे तीन. वारा पत्रे उडवतो, खांब आणि झाडे पाडतो. पावसाने नद्या फुगतात, दरडी कोसळतात. तिसरे संकट सर्वांत घातक. ते म्हणजे वाऱ्याने किनाऱ्यावर लोटलेले समुद्राचे उधाण. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री रामेश्वरजवळ धनुष्कोडीला जाणारी पॅसेंजर गाडी अशाच उधाणाने गिळली. शंभराहून अधिक माणसे गेली. रेल्वेच्या गावाने ही रात्र विसरता कामा नये.

आपल्या किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस निसर्ग वादळ आदळले. वारा ताशी शंभर ते १२० किलोमीटरचा. रायगड-रत्नागिरीतल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा धरायला वर्षे लागतात. केळी आडवी झाल्यावर शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरी काय होते, हे खानदेशाला वेगळे सांगायला नको.

आता सिग्नलकडे येऊ. वादळाचा इशारा आज टप्प्याटप्प्याने मिळतो : ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरी, २४ तास आधी धोक्याचा इशारा, आणि १२ तास आधी वादळ जमिनीवर आल्यानंतर काय होईल त्याचा अंदाज. बंदरांवर १ ते ११ क्रमांकांचे बावटे चढतात. म्हणजे सिग्नल आहे, आणि तो पूर्वीपेक्षा चांगला आहे. पण गाडी सिग्नलने थांबत नाही, ब्रेकने थांबते. ब्रेक कोणाच्या हाती आहे, हा आमचा प्रश्न.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईच्या पश्चिमेकडून गुजरातकडे सरकत होते. इशारे काही दिवस आधीपासून होते. तरीही मुंबईसमोरच्या खोल समुद्रातील तेलक्षेत्रात पी-३०५ नावाचा, कामगारांना राहण्यासाठी असलेला तराफा बंदरात न आणता नांगरून ठेवला होता. त्यावर २६१ माणसे होती. नांगर तुटले, तराफा तेलाच्या फलाटावर आपटला आणि १७ मे रोजी बुडाला. वरप्रदा नावाची ओढबोटही बुडाली. दोन्ही मिळून ८६ जण गेले. त्यांत ठेकेदारांच्या हाताखालचे कितीतरी मजूर होते. त्यांना बावटा दिसला असेल. पण 'आम्हांला किनाऱ्यावर न्या' असे म्हणण्याचा अधिकार त्यांतल्या कोणाला होता?

याच्या उलट ओडिशा पाहा. १९९९ च्या वादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर सरकारने निवारे बांधले, गावोगाव माणसे तयार केली. २०१३ साली फायलिन वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळ तेव्हाही क्रूरच होते. मोठा फरक पडला तो हुकूम वेळेवर देणाऱ्या आणि पाळता येईल अशी सोय करणाऱ्या माणसांमुळे.

रोजंदारीवरच्या माणसाला इशारा ऐकवणे सोपे आहे. पण काम सोडले तर त्या दिवसाची चूल कशी पेटायची, याचे उत्तर इशाऱ्यात नसते. म्हणून तो होडी बाहेर काढतो, परांचीवर चढतो. लोक त्याला अडाणी म्हणतात. आम्ही म्हणतो, तो हिशेबी आहे, फक्त त्याचा हिशेब आपण चुकीचा मांडला आहे.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९८१ साली १५५ व्या करारात लिहून ठेवले की, जिवाला तातडीचा गंभीर धोका आहे असे रास्त कारणाने वाटून कामावरून बाजूला झालेल्या कामगाराला त्याबद्दल शिक्षा भोगावी लागता कामा नये. आमचे मागणे त्याहून एक पाऊल पुढचे आहे. बावटा चढला की काम थांबावे, थांबलेल्या दिवसाची मजुरी मिळावी, आणि थांबवण्याचा हुकूम कोणी द्यायचा त्याचे नाव आधीच फळ्यावर लिहिलेले असावे. ठेकेदाराच्या मजुरालाही हाच नियम हवा.

वारा कोणाच्या युनियनचे ऐकत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. मालकाने मात्र ऐकले पाहिजे.