इतिहास शिकून पुढे काय?

दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात, कॉलेजातल्या प्रवेशाच्या गर्दीत, एक शेतकरी गृहस्थ मला भेटायला आले. मुलगा मागे उभा होता. ते म्हणाले, "सर, पोरगं इतिहास घेतो म्हणतंय. रान दीड एकर. इतिहासावर चूल पेटंल का?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही, म्हणून आज थोडे सरळ बोलतो.

पहिली वाट मास्तरकीची. शाळेसाठी बी. एड. आणि पात्रता परीक्षा. कॉलेजासाठी एम. ए.ला ५५ टक्के गुण, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत, आणि वर नेट किंवा सेट. या वाटेवर गर्दी फार, आणि रिकाम्या जागा भरायला वर्षे लागतात. तासिका तत्त्वावर तिशी ओलांडलेली माझी मुले मला ठाऊक आहेत. हे आईबापांपासून लपवू नये. स्पर्धा परीक्षांना इतिहास उपयोगी पडतो खरा, पण परीक्षा म्हणजे नोकरी नव्हे. वकिलीचे मात्र पदवीनंतर तीन वर्षांत होते, आणि कागद बारकाईने वाचायची सवय तिथे कामी येते.

आता ज्या वाटेवर माणसे कमी आहेत ती सांगतो. तेच गृहस्थ जाताना पिशवीतून एक जुने बाड काढून म्हणाले, "हे जमिनीचं हाय, तेवढं वाचून द्या." कागद मोडीत होते. मी इतिहासाचा एम. ए., पण मला एक ओळ लागली नाही! चाळिशी उलटल्यावर मी मोडी गिरवायला बसलो ते त्या दिवसापासून.

आपल्याकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत जमिनीचे व्यवहार, जन्ममृत्यूच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी मोडीत होत. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कचेऱ्यांना मोडी वाचणारा माणूस शोधावा लागला. पुण्याच्या पेशवे दप्तरात तर कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. मोडी शिकायला पदवीची वाट पाहावी लागत नाही. अक्षर गिरवायला काही आठवडे पुरतात, पण घाईत लिहिलेला कागद लागायला वर्षे जातात. वाचकाला कामाप्रमाणे मोबदला मिळतो. ती पगाराची नोकरी नव्हे, पण हातात कसब राहते.

दुसरी वाट मातीतली. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे बरीच वर्षे उत्खनन केले आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, धान्य साठवायच्या जागा उजेडात आणल्या. या कामात खापरे ओळखणारा हवा, नकाशा काढणारा हवा, फोटो काढणारा हवा. उन्हात बसायची तयारी लागते. ती शेतकऱ्याच्या पोराला शिकवावी लागत नाही. संग्रहालयांतही वस्तूंची नोंद ठेवणारी, त्या सांभाळणारी माणसे लागतात. २०२५ च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतले अकरा आपल्या राज्यातले, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आता गडाखालच्या गावातल्या पोराने पाहुण्याला पुरावा धरून माहिती दिली, चार भाषांतली एक तरी नीट बोलली, तर त्यातून चार पैसे सुटतील. मनात येईल ती दंतकथा ठोकून देणारे वाटाडे आधीच भरपूर आहेत!

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या वर्गातला एखादा मुलगा देवळाच्या पायरीवरचा शिलालेख वहीत उतरवून आणील, तर 'परीक्षेला येत नाही' म्हणून ती वही बाजूला सारू नका. त्याला तारीख कशी लावायची ते विचारा. तुम्हांला येत नसेल तर दोघे मिळून शोधा.

तो मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. बी. एड.चा अर्जही तो भरणार आहे. वडिलांची तेवढी अट आहे आणि ती रास्त आहे. घरच्या बाडातले निम्मे कागद त्याने स्वतः वाचले. त्यातला एक मात्र आम्हां दोघांनाही लागत नाही. दिवाळीच्या सुटीत तो घेऊन पुण्याला जायचे ठरले आहे.