परमुलुखांतील माणसांची ग्रंथओळख



स्वागतसमितीच्या वतीने आपणा सर्वांचे मी अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. ज्या भूमीत आपण आज पदार्पण केले आहे, तिच्या एका अंगास पवना वाहते व दुसऱ्या अंगास इंद्रायणी. पवनेच्या काठी चिंचवडास मोरया गोसावींची समाधी आहे, इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी ही वारकऱ्यांची दोन पीठे आहेत, आणि उत्तरेस थोडे पुढे गेले की चाकणचा तो संग्रामदुर्ग लागतो, जो १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने अल्पशा शिबंदीनिशी शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजविला. ही परंपरा आमच्या नगरीच्या प्रत्येक स्वागतभाषणात येते, आणि ती यावी हे योग्यच आहे. परंतु हे संमेलन ग्रंथांचे असल्यामुळे, आणि त्यातही परमुलुखांविषयीच्या ग्रंथांचा परामर्श घेण्याचे आपण योजिले असल्यामुळे, या भूमीच्या अलीकडच्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधणे मला अगत्याचे वाटते.

१९५४ साली पिंपरीस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि ज्या माळावर बाजरीखेरीज फारसे काही पिकत नव्हते तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, जमिनींची मोजणी झाली, सातबाऱ्यावरची नावे बदलली, मोटारींचे, दुचाकींचे, पंपांचे, बेअरिंगांचे कारखाने एकामागून एक उभे राहिले. १९७० साली येथील गावांची मिळून नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. पुढे भोसरीची वेस ओलांडून हा पसारा चाकण, महाळुंगे, तळेगावपर्यंत गेला. आज या पट्ट्यात जर्मन मोटारींची जुळणी होते, स्वीडिश बेअरिंग घडते, जपानी टायर तयार होतो, कोरियन पोलादाचे पत्रे कापले जातात, आणि ते घडविणारा हात मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, बिहारातल्या किंवा झारखंडातल्या मुलाचा असतो. त्या मुलाला जर्मन यंत्राचा मायक्रॉन कळतो, जपानी शिस्तीतली प्रत्येक पायरी पाठ असते. पण ते यंत्र ज्याच्या बापजाद्यांनी प्रथम ओतले तो माणूस संध्याकाळी घरी जाऊन काय जेवतो, कशाला भितो, त्याच्या मुलखात युद्ध झाले तेव्हा त्याच्या आईने काय केले, यांपैकी काहीएक त्याला ठाऊक नसते. ही उणीव ग्रंथांनीच भरून निघेल, अशी माझी श्रद्धा आहे, आणि म्हणून परदेशांविषयीची कोणती मराठी पुस्तके आमच्या वाचनालयांनी आधी घ्यावीत याविषयी माझी शिफारस मी आपणापुढे रुजू करतो.

प्रवासवर्णनांचा मान पहिला. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ व ‘पूर्वरंग’, अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’, गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’, दिलीप चित्रे यांचे इथिओपियातील वास्तव्यातून जन्मलेले ‘शिबा राणीच्या शोधात’, आणि लंडनपासून मेक्सिको, इजिप्त, तुर्कस्तान, इराण, चीनपर्यंत एकट्या हिंडलेल्या मीना प्रभु यांची ग्रंथमालिका ही ज्या वाचनालयात नाहीत ते वाचनालय अपुरेच म्हटले पाहिजे. तथापि घाईच्या सहलीवरून परतून पंधरवड्यात लिहून काढलेली, हॉटेलच्या खोलीचे व जेवणाचे वर्णन करून थांबणारी पुस्तकेही आमच्या कपाटांत पुष्कळ जागा अडवून बसली आहेत, आणि त्यांच्यावर खर्ची पडणारे अनुदान अन्यत्र वळवावे असे माझे स्पष्ट मत आहे. कारण देश कळतो तो तेथील माणसाच्या कष्टांतून. त्याचे प्रेक्षणीय स्थळ पाहून तो क्वचितच कळतो. कष्टकरी वाचकाला तर दुसऱ्या मुलखाच्या अंतरंगात प्रवेश करण्यास याहून सरळ असा दरवाजा नाही.

याचे मूर्तिमंत उदाहरण म्हणजे अण्णाभाऊ साठे. वाळवे तालुक्यातील वाटेगावचा, शाळेचा उंबरठा जेमतेम ओलांडलेला, आईबापांसमवेत पायी चालत मुंबईस आलेला आणि गिरणीत राबलेला हा माणूस, रशिया डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधी, १९४३ साली, स्टालिनग्राडचा पोवाडा रचतो. आणि १९६१ साली जेव्हा तो प्रत्यक्ष त्या देशात पाऊल ठेवतो, तेव्हा ‘माझा रशियाचा प्रवास’ हे छोटेखानी पुस्तक मराठीस मिळते. त्यातील राजकीय श्रद्धा आज कोणास मान्य होवो वा न होवो. पण परक्या रस्त्यावरून चालताना रस्ता झाडणाऱ्याकडे, यंत्रावर उभ्या असलेल्या बाईकडे ज्याची नजर आपसूक वळते अशा माणसाने लिहिलेले प्रवासवर्णन आपल्या भाषेत दुर्मीळ आहे. ज्यांचा पुतळा निगडीत आहे व ज्यांच्या जयंतीस आमच्या नगरीत हजारोंचा समुदाय लोटतो, त्यांचे हे पुस्तक त्या समुदायातील प्रत्येकाच्या हाती पडावे असे मला मनापासून वाटते.

आता अनुवादांकडे येतो, आणि येथे मी थोडा अधिक वेळ घेणार आहे. जी. ए. कुलकर्णी यांनी कॉनरॅड रिक्टर या अमेरिकन कादंबरीकाराच्या तीन कादंबऱ्या मराठीत आणल्या: ‘रान’, ‘शिवार’ आणि ‘गाव’. अठराव्या शतकाच्या अखेरीस एक कुटुंब पेन्सिल्व्हेनिया सोडून ओहायोच्या अशा निबिड अरण्यात शिरते, जेथे भर दुपारी ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही. आई दगावते, शिकारी बाप पाखरासारखा भटकत राहतो, आणि थोरली मुलगी धाकट्या भावंडांना वाढवीत, झाडामागून झाड पाडीत, शेत काढते. पहिल्या कादंबरीत झाडे शत्रू आहेत. दुसरीत त्या झाडांच्या जागी पीक डोलते, वस्ती होते, चर्च व शाळा येतात. तिसरीत त्याच वस्तीचे नगर होते, जमिनीचे भाव चढतात, शेताचे भूखंड पडतात, पुढची पिढी शिकून सवरून आईच्या रांगड्या बोलीची लाज बाळगू लागते, आणि जिने आयुष्यभर कुऱ्हाड चालविली ती म्हातारी आपल्या अंगणात झाडे लावून त्यांच्याकडे डोळे लावून बसते. मी हे ओहायोचे कथानक सांगत आहे खरे. पण कांदा-बटाट्याच्या शेतीवर पोसलेल्या चाकण परिसरातील, ज्यांच्या शिवाराचे भूसंपादन झाले, मोबदल्यातून बंगला उठला, अंगणात मोटार आली, आणि ज्यांच्या घरातील आजी अजूनही सकाळी उठून, जेथे विहीर होती त्या दिशेस पाहते, असे श्रोते या मंडपात बसलेले आहेत, आणि त्यांना या तीन ग्रंथांचा अर्थ माझ्याहून अधिक कळेल. आमच्या स्थित्यंतराची एवढी विस्तीर्ण कादंबरी आमच्यापैकी कोणी लिहीपर्यंत ओहायोची ही कादंबरी आमचीच समजावी.

राम पटवर्धनांनी अनुवादिलेले ‘पाडस’ हे मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या फ्लॉरिडातील कादंबरीचे मराठी रूप. तिच्या मूळ कृतीस १९३९ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. बापाला विषारी साप डसतो; प्राणांतिक घाईत तो समोर आलेल्या हरिणीवर गोळी झाडतो, तिचे पोट फाडून काळीज काढतो व जखमेवर ठेवून विष ओढून घेतो; बाप वाचतो, आणि रानात त्या हरिणीचे पाडस उघडे पडते. मुलगा ते घरी आणतो, आपल्या घासातले भरवितो, उशाशी निजवितो. वर्षभराने तेच पाडस मोठे होऊन मक्याचे कोवळे कोंब खुडून टाकते, पुन्हा पेरले तर पुन्हा खुडते, कुंपण घातले तर कुंपणावरून उडी घेते. आणि ज्या घरात मक्याखेरीज वर्षाची दुसरी बेगमी नाही, त्या घराला मुलाची माया व मुलाचे पोट यांतून एकाची निवड करावी लागते. दुबार पेरणीचे संकट ज्याने पाहिले आहे त्या शेतकऱ्याच्या मुलाला फ्लॉरिडा हा देश परका राहत नाही.

पु. लं.चे आणखी दोन अनुवाद याच पंक्तीत बसतात. ‘काय वाट्टेल ते होईल’ या पुस्तकातला जॉर्जियाचा तरुण अमेरिकेत उतरतो, भाषा येत नाही, मिळेल ते काम करतो, फसतो, सावरतो आणि तरीही माणसांवरचा विश्वास सोडत नाही. घरापासून दोन दिवसांच्या रेल्वेप्रवासावर येऊन कुदळवाडीत वा खराबवाडीत एका खोलीत सहा जण राहणाऱ्या कंत्राटी कामगारास मी प्रथम हेच पुस्तक देईन. ‘एका कोळियाने’ हे हेमिंग्वेच्या क्यूबातील म्हाताऱ्या कोळ्याचे आख्यान. सलग ८४ दिवस मासा न गवसलेला तो वृद्ध पुन्हा होडी लोटतो. अनुवाद नसले तरी अनंत सामंतांची ‘एम. टी. आयवा मारू’ ही तेलवाहू जहाजावरील कादंबरी आणि वीणा गवाणकरांचे १९८१ साली प्रथम प्रसिद्ध झालेले ‘एक होता कार्व्हर’ यांचीही नोंद करतो. गुलाम आईच्या पोटी जन्मून टस्कीगीच्या निकस मातीत भुईमुगाची शेती रुजविणाऱ्या त्या शास्त्रज्ञाची ओळख आता मराठी घराघरांत आहे.

कारखान्यांत जुळणीच्या कामावर आता भगिनींची संख्या वाढली आहे. त्यांच्यासाठी मी मुद्दाम पंडिता रमाबाईंच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या १८८९ सालच्या ग्रंथाचे स्मरण देतो. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानासाठी फिलाडेल्फियास गेलेल्या या विदुषीने त्या देशातील स्त्रियांचे शिक्षण, त्यांचे उद्योग, त्यांनी स्वबळावर चालविलेल्या संस्था यांची जी साक्षेपी कैफियत मराठीत मांडली, तिच्या तोडीचे समाजनिरीक्षण आपल्या वाङ्मयात त्या काळी तर नव्हतेच, पुढेही फार थोडे झाले. तो ग्रंथ जुना म्हणून संदर्भ विभागात कुलूपबंद ठेवू नये, देवघेवीस ठेवावा.

मुलांच्या कपाटासाठी दोनच नावे घेतो. ‘तोत्तोचान’मधील, आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोक्योची शाळा पुष्कळांना माहीत आहे, ती युद्धातल्या बाँबवर्षावात जळाली, हे वाचताना मुले गप्प होतात. दुसरे माधुरी पुरंदरे यांनी मराठीत आणलेले ‘हॅनाची सूटकेस’. २००० साली तोक्योतील एका लहानशा केंद्रात आउश्वित्झच्या संग्रहालयाकडून एक तपकिरी सूटकेस आली. तिच्यावर पांढऱ्या रंगात हॅना ब्रेडी हे नाव, १६ मे १९३१ ही जन्मतारीख आणि ‘अनाथ’ अशा अर्थाचा जर्मन शब्द, एवढेच लिहिलेले होते. केंद्राच्या संचालिका फुमिको इशिओका यांनी मुलांच्या प्रश्नांनी प्रवृत्त होऊन शोध आरंभिला, चेकोस्लोव्हाकियातील एका गावापर्यंत माग काढला, आणि शेवटी कॅनडात हॅनाचा थोरला भाऊ जिवंत सापडला. एका मुलीच्या पेटीतून तीन खंडांचा व एका महायुद्धाचा इतिहास दहा वर्षांच्या वाचकाच्या अंतःकरणात उतरतो. वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ त्याने मोठेपणी वाचावेच; पण आरंभ या पेटीपासून व्हावा.

या सर्व ग्रंथांकडे पाहता एक गोष्ट ध्यानी येते, की परमुलूख आपणाकडे बहुतकरून इंग्रजीच्या मार्फत आला. जर्मनी, जपान, कोरिया, स्वीडन या ज्या देशांशी या पट्ट्याचा रोजचा व्यवहार आहे, त्यांचे वाङ्मय थेट त्यांच्या भाषांतून मराठीत फार थोडे उतरले आहे. आणि नेमक्या याच पट्ट्यात जपानी, जर्मन, कोरियन शिकून कारखान्यांत दुभाष्याचे काम करणारे मराठी तरुण-तरुणी आहेत! यंत्राची नियमपुस्तिका अचूक उतरविणारी ही मंडळी त्या भाषेतील एकेक कथा जरी मराठीत आणू लागली तरी दहा वर्षांत आपले कपाट पालटेल. मी त्यांना या व्यासपीठावरून कळकळीची विनंती करतो, आणि प्रकाशकांनी त्यांना रीतसर मोबदला द्यावा अशीही दरखास्त करतो.

ग्रंथपालांकडे माझे एक मागणे आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने आपणास मान्यता, वर्गवारी व अनुदान यांची चौकट दिली. त्या चौकटीत राहून वेळेचा फेरविचार करता येईल. आमची बहुतेक वाचनालये सकाळी तीन तास व सायंकाळी तीन तास उघडी असतात आणि दुपारी बंद. पहिली पाळी सुटते ती दुपारी साडेतीनच्या सुमारास. बसथांब्यावरून घरी जाणारा कामगार वाचनालयाच्या दाराला कुलूप पाहून पुढे जातो, आणि सायंकाळी दार उघडते तेव्हा तो झोपलेला असतो. औद्योगिक वसाहतीलगतच्या वाचनालयांनी दुपारचे दोन तास तरी दार उघडे ठेवावे. देशवार मांडलेले एक कपाट दारासमोरच असावे.

स्वागतसमितीच्या व्यवस्थेत ज्या उणिवा राहिल्या असतील त्या आपण उदार मनाने पदरात घ्याल असा भरवसा आहे. मंडपाच्या उजव्या हातास देशोदेशींच्या ग्रंथांचे प्रदर्शन मांडले आहे. पहिल्या पाळीची मंडळी येतील म्हणून ते आज सायंकाळी सातपर्यंत खुले राहील, आणि आवडलेले पुस्तक तेथेच बसून वाचण्याची सोय केली आहे. आता अध्यक्ष महोदयांनी आसन स्वीकारून संमेलनाच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी त्यांना सविनय विनंती करतो.