लहान पट, पूर्ण उत्तर

(इंदिरानगर, नाशिक येथे विद्यार्थी आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपल्या इंदिरानगरहून महामार्गाला लागले की थोड्याच वेळात पांडवलेणी दिसू लागतात. महाराष्ट्रातील जुन्या लेण्यांत आणि मंदिरांच्या ओट्यांवर फिरताना पायाखाली कधीकधी एकात एक असे तीन चौकोन कोरलेले आढळतात. पाहणाऱ्याला ते एखादे गूढ यंत्र वाटते. बहुधा तो नवकंकरीचा पट असतो. चोवीस बिंदू, प्रत्येकी नऊ सोंगट्या, आणि तीन सोंगट्या एका रेषेत आल्या की प्रतिपक्षाची एक उचलायची. युरोपातही हा खेळ शतकानुशतके खेळला गेला आहे. त्यामुळे तो केवळ आपलाच, असा हट्ट मी धरणार नाही. पण १९९३ साली झुरिच येथे राल्फ गॅसर या संशोधकाने हा खेळ संगणकाच्या साहाय्याने पूर्णपणे सोडवला. सोंगट्या मांडून झाल्यानंतरच्या सुमारे ७६७ कोटी स्थितींचा निकाल त्याने शेवटाकडून आरंभाकडे येत निश्चित केला. दोघेही निर्दोष खेळले तर डाव बरोबरीत सुटतो, हे त्याचे उत्तर. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्यावर दुपारी घालवल्या, त्या पटाचे अंतिम उत्तर आपल्यापैकी कोणाला शोधावेसे वाटले नाही, ही खंत मनात ठेवून मी आजच्या विषयाकडे वळतो.

विषय आहे ‘गो’ या खेळाचा. चीनमध्ये अडीच हजार वर्षांहून अधिक काळ तो खेळला जात आहे. नियम विलक्षण साधे आहेत. आडव्या-उभ्या रेषांच्या छेदांवर एकाने काळे आणि दुसऱ्याने पांढरे खडे आळीपाळीने ठेवायचे. खड्याला लागून असलेल्या मोकळ्या छेदांना चिनी भाषेत ‘श्वास’ या अर्थाचा शब्द आहे. खड्यांच्या समूहाचे सर्व श्वास शत्रूने बंद केले की तो समूह पटावरून उचलला जातो. शेवटी ज्याने अधिक प्रदेश राखला, तो विजयी. मोठा पट एकोणीस बाय एकोणीसचा. शिकण्यासाठी नऊ बाय नऊचा. आणि संगणकाची परीक्षा पाहण्यासाठी त्याहूनही लहान.

‘लहान’ या शब्दाने मी स्वतः फसलो आहे. विद्यार्थिदशेत मी दोन बाय दोनच्या पटासाठी आज्ञावली लिहिली. छेद अवघे चार! रात्री ती सुरू करून झोपलो. सकाळी पाहतो तो संगणक अजून विचारच करीत होता. काळा पांढऱ्याला उचलतो, पांढरा काळ्याला उचलतो आणि फिरून तीच स्थिती येते, असे चक्र रात्रभर चालले होते. गोमध्ये या पुनरावृत्तीला आळा घालणारा नियम आहे. त्याला जपानी भाषेत ‘को’ म्हणतात. ज्या चिनी चिन्हाने हा शब्द लिहितात, त्याच चिन्हाने बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरात आपला संस्कृत ‘कल्प’ लिहिला गेला. त्या सकाळी मला कल्पान्ताचा अर्थ कळला.

विनोद बाजूला ठेवू. अडचण खरी आहे. पुनरावृत्ती निषिद्ध केली की केवळ पटावरचे खडे पाहून निकाल सांगता येत नाही. तेथवर कोणत्या मार्गाने आलो, हेही ध्यानात ठेवावे लागते. बाहेरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन स्थितींची उत्तरे निराळी असू शकतात.

आता थोडे आकडे पाहू. तीन बाय तीनच्या पटावर नियमात बसणाऱ्या १२,६७५ स्थिती आहेत. चार बाय चारवर त्या २ कोटी ४३ लाखांवर जातात आणि पाच बाय पाचवर सुमारे ४१,४२९ कोटी होतात. एकोणीस बाय एकोणीसच्या पटावरील संख्या जॉन ट्रॉम्प यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली. ती १७१ अंकी आहे. ती पुन्हा उच्चारण्याचे धाडस मी करणार नाही.

पाच बाय पाचचा पट २००२ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात एरिक व्हॅन डेर वेर्फ यांनी सोडवला. पहिला काळा खडा मध्यावर ठेवला तर काळ्याला सर्वच्या सर्व २५ गुण मिळतात. हे काम त्यांनी महासंगणकावर नव्हे, त्या काळी घरोघरी येऊ लागलेल्या प्रकारच्या यंत्रावर केले. युक्ती कोणती? पट फिरवला किंवा आरशात पाहिला तरी तो तोच राहतो. म्हणून पहिल्या खेळीचे २५ पर्याय प्रत्यक्षात सहाच उरतात. दुसरे असे, की एखाद्या चालीचे खंडन करणारे एक उत्तर सापडले की उरलेली उत्तरे तपासण्याचे कारण नाही. आणि तिसरे मला सर्वांत सुंदर वाटते. ज्या समूहाने आत दोन स्वतंत्र ‘डोळे’ राखले आहेत, त्याचा धनी पुढे एकही चाल न खेळला तरी तो समूह मरत नाही. हे आज्ञावलीला ओळखता आले की डाव संपेपर्यंत थांबावे लागत नाही. अशा समूहांची काटेकोर व्याख्या डेव्हिड बेन्सन यांनी १९७६ मध्येच करून ठेवली होती.

मोठ्या पटाकडे जाणारी वाटही लहान पटावरूनच गेली. २००६ मध्ये तुरिन येथील स्पर्धेत रेमी कुलोम यांची ‘क्रेझी स्टोन’ ही आज्ञावली नऊ बाय नऊवर पहिली आली. तिची रीत अशी : प्रत्येक चालीनंतर सहस्रावधी डाव जवळजवळ यदृच्छया शेवटपर्यंत खेळून पाहायचे आणि जी चाल अधिक वेळा जिंकते, तिचा अधिक खोल विचार करायचा. अशा डावांत एक पथ्य मात्र पाळावे लागते, ते म्हणजे स्वतःचा डोळा स्वतः बुजवायचा नाही. नाहीतर डाव संपतच नाही. याच शोधपद्धतीला शिकणाऱ्या जाळ्यांची जोड मिळाली आणि मार्च २०१६ मध्ये ‘अल्फागो’ने कोरियाच्या ली सेडोलला ४-१ असे हरवले.

तेव्हापासून यंत्राला सर्व कळते, असा समज घरोघरी पसरला. पण २०२३ मध्ये केलिन पेलरिन या हौशी खेळाडूने ‘काटागो’ या अत्यंत बलवान आज्ञावलीला पंधरापैकी चौदा डावांत हरवले. तिचा एक आंधळा कोपरा दुसऱ्या आज्ञावलीने शोधून दिला होता. प्रत्यक्ष डावात मात्र पेलरिन स्वतः खेळला. बलवान असणे निराळे आणि सिद्ध असणे निराळे. पाच बाय पाचच्या उत्तरात असा कोपरा नाही.

आपल्या नाशिकजवळ देवळालीला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नावाचे शाळामास्तर होते. चार अंकांची संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि हेच पुन्हापुन्हा करा. चारही अंक सारखे नसतील, तर अधिकात अधिक सात वेळांत ६१७४ येते. १९४९ मधला हा शोध. क्षेत्र केवढे, तर चार अंकांचे. पण त्यातली एकही संख्या निसटत नाही.

मघाशी एका पालकांनी विचारले, “सर, मोबाइलला सांगितले की तो आज्ञावली लिहून देतो. मग मुलाने हे का शिकावे?” प्रश्न रास्त आहे. मोबाइल लिहून देईलही. पण ते बरोबर आहे की नाही, हे आपल्या घरात कोण सांगणार? एकोणीसच्या पटावर ते कोणालाच सांगता येणार नाही. तीनच्या पटावर आठवीतला मुलगा कागद-पेन्सिल घेऊन सांगू शकेल.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या रविवारी येताना तीन बाय तीनची आज्ञावली लिहून आणा. कोणत्या भाषेत लिहिता, यावर माझा आग्रह नाही. मधल्या छेदावर पहिला खडा ठेवल्यावर उत्तर ९ आले पाहिजे. कमी आले तर आधी डोळे तपासा. आणि यंत्र रात्रभर थांबलेच नाही, तर ‘को’ विसरलात असे समजा आणि खुशाल मला दूरध्वनी करा.