शुद्ध अंतःकरण आणि देवाची ओळख
(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त अड्यार, चेन्नई येथे केलेले भाषण)



आपण आज अड्यार नदीच्या परिसरात जमलो आहोत. याच नदीजवळ, सैदापेठच्या बाजूस, चिन्नमलै नावाची लहानशी टेकडी आहे. ख्रिस्ताचा शिष्य थोमा तेथील गुहेत राहत असे, अशी परंपरा सांगते. प्रत्यक्ष पाहिल्यावाचून विश्वास ठेवणार नाही, असा हट्ट धरणारा तोच हा थोमा. देव दिसतो का, त्याला ओळखावे कसे, हा प्रश्न त्याच्याइतकाच आपलाही आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात येशूने देवदर्शनाचे अभिवचन दिले, ते शुद्ध अंतःकरणाच्या माणसांना. येथे ‘शुद्ध’ या शब्दाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. आपल्या घरांत सोवळेओवळे होते, तसे त्या काळच्या यहुदी समाजातही हातपाय व भांडी धुण्याचे कडक नियम होते. माणूस विटाळतो तो अंतःकरणातून निघणाऱ्या दुष्ट विचारांनी, असे येशूने सांगितले. मूळ ग्रीक शब्द पाखडून स्वच्छ केलेल्या धान्यालाही लावीत आणि भेसळ नसलेल्या धातूलाही. तेव्हा शुद्ध अंतःकरण म्हणजे ज्यात दुसरा हेतू मिसळलेला नाही असे अंतःकरण. देवाचे नाव घेताना ज्याची नजर मानाकडे किंवा धनाकडे असते, त्याला देव दिसावा कसा? त्याला मान आणि धनच दिसणार.

याचे एक उदाहरण आपल्या मराठी इतिहासात, याच तमिळ भूमीवर आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन धर्मोपदेशक 1750 साली तरंगंबाडीस आले. पुढे तंजावरास राहून, तेथील मराठी दरबाराशी बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. 1779 साली मद्रासच्या इंग्रज सरकारने त्यांना हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास पाठविले. इंग्रजांवर हैदरचा विश्वास नव्हता. श्वार्ट्झ यांच्यावर होता. निघताना हैदरने वाटखर्चासाठी दिलेले रुपये त्यांनी मद्रासला येताच सरकारपुढे ठेवले. ते तुम्हीच ठेवा, असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी ती रक्कम तंजावरातील अनाथ मुलांच्या शाळेसाठी लावली. पुढे युद्धकाळात तंजावरच्या किल्ल्यात धान्याचा तुटवडा पडला, तेव्हा सरकारी वचनावर विश्वास न ठेवणाऱ्या शेतकऱ्यांनी त्यांच्या शब्दावर धान्य आणून दिले.

1787 साली तुळजाजी राजांनी आपला दत्तक पुत्र सरफोजी याला श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविले. मुलगा तेव्हा अगदी लहान होता. त्याच्या शिक्षणाची आणि हक्काची काळजी त्यांनी अखेरपर्यंत वाहिली. सरफोजी राजांनी स्वधर्म सोडला नाही, हे येथे मुद्दाम सांगतो. तरीही 1798 साली गुरूंचे निधन झाले, तेव्हा राजांनी त्यांच्यासाठी शोक केला. शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांनी संगमरवरी स्मारक घडवून घेतले. त्यात मृत्युशय्येवरील गुरूंच्या भेटीस आलेले राजे कोरलेले आहेत. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही पाहता येते.

शिष्याचा धर्म वेगळा राहिला, तरी गुरूच्या अंतःकरणाची शुद्धता त्याला ओळखता आली. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की देवाची ओळख ग्रंथांच्या पाठांतराने पुरी होत नाही. निर्मळ मनाने, निर्हेतुक सेवा करीत जगताना ती वाढत जाते. असे मन मनुष्य स्वबळाने घडवू शकत नाही, ते देवाच्या कृपेने मिळते, असेही ती सांगते. म्हणूनच शुद्धतेचा अभिमान बाळगता येत नाही. अभिमान शिरला की भेसळ आलीच.

पालकहो, मुले आपले बोलणे विसरतील. आपला हेतू मात्र ती अचूक हेरतात. प्रार्थना शिकवून खोटी पावती करणाऱ्या घरात देवाची ओळख कशी व्हावी? शाळेने साठ वर्षे अक्षरओळख करून दिली. त्या अक्षरांमागचे मन निर्मळ ठेवण्याचे काम आपणा सर्वांचे आहे.