जुनी मोटारसायकल आणि नवी चाके

मोटारसायकल धावत असताना तिचा आणि रस्त्याचा संबंध केवळ दोन ठिकाणी येतो. प्रत्येक टायरचा जो भाग त्या क्षणी जमिनीला टेकलेला असतो, तो फार तर तळहाताएवढा भरतो. यंत्राचे आणि माणसांचे वजन, इंजिनाची ओढ, ब्रेकचा रोध आणि वळणावरचा तोल हे सारे या दोन तळहातांएवढ्या जागेतून रस्त्यापर्यंत पोहोचते. म्हणून जुन्या मोटारसायकलीला वेगळ्या मापाची चाके बसविणे ही गोष्ट दुकानात सोपी वाटली, तरी तिचे परिणाम चाकापुरते मर्यादित राहत नाहीत.

भारतात जुन्या मोटारसायकली आजही मोठ्या जिव्हाळ्याने सांभाळल्या जातात. एनफील्ड इंडिया ही कंपनी १९५५ साली मद्रास येथे स्थापन झाली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून निघालेली बुलेट देशभर पसरली. योगायोग असा, की पुढे टायरच्या धंद्यात नावारूपाला आलेली मद्रास रबर फॅक्टरी हिचा आरंभही १९४६ साली याच तिरुवोट्टियूरमध्ये, खेळण्यातील फुगे बनविण्यापासून झाला होता. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने आधी जावा आणि नंतर येझदी या नावाने गाड्या काढल्या. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. बापाने घेतलेली गाडी मुलाने चालवावी, असे या यंत्रांच्या बाबतीत अनेक घरांत घडले आहे.

अशा गाडीची चाके बदलण्याची इच्छा होण्यामागे सामान्यतः तीन कारणे असतात. काही मूळ मापांचे टायर सहज मिळत नाहीत. ट्यूब असलेला टायर पंक्चर झाला की हवा झटकन जाते. उलट बिनट्यूबच्या टायरात खिळा रुतला तरी हवा बहुधा हळूहळू निसटते. तिसरे कारण म्हणजे रूप. रुंद टायर आणि ओतीव चाके यांनी जुनी गाडी भारदस्त दिसते, अशी समजूत आहे. पहिली दोन कारणे रास्त आहेत. तिसऱ्याविषयीही कोणाची तक्रार नसावी. मात्र त्याची किंमत काय, हे आधी कळले पाहिजे.

त्यासाठी टायरच्या कडेवरील आकडे वाचता आले पाहिजेत. जुन्या बुलेटच्या दोन्ही चाकांवर ३.२५-१९ हे माप असे. याचा अर्थ टायरची रुंदी सव्वातीन इंच आणि रिमचा व्यास १९ इंच. या जुन्या मापांत टायरची उंची जवळजवळ रुंदीइतकीच धरली जाते. नव्या पद्धतीत तेच माप ९०/९०-१९ असे लिहिले जाते : रुंदी ९० मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १९ इंच. हिशेब केला तर पहिल्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६४८ मिलिमीटर येतो आणि दुसऱ्याचा सुमारे ६४५. लिहिण्याची रीत निराळी असली तरी वस्तू जवळजवळ एकच आहे. त्यापुढे ‘५२ पी’ अशी खूण असेल, तर ५२ म्हणजे टायर २०० किलोग्रॅमपर्यंत भार पेलतो आणि ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटर ही त्याची वेगमर्यादा.

हा बाहेरचा व्यास सर्वांत महत्त्वाचा होय. रॉयल एनफील्डच्या पुढील काळातील क्लासिक ३५० या गाडीला मागे ११०/९०-१८ हा टायर आला. रिम एका इंचाने लहान झाली, पण टायर अधिक उंच असल्यामुळे बाहेरचा व्यास सुमारे ६५५ मिलिमीटर, म्हणजे जुन्यापेक्षा एक टक्का अधिक, इतकाच राहिला. रचनाकारांनी रुंदी वाढविली, त्यासाठी जागा केली आणि गाडीची उंची मात्र बिघडू दिली नाही.

याच्या उलट, जुन्या बुलेटला पुढे १७ इंची चाक आणि १००/८०-१७ हा टायर लावला असे समजू. व्यास सुमारे ५९२ मिलिमीटरवर येतो. जुन्या बुलेटचा वेगमापक पुढच्या चाकावरून चालतो. लहान चाक तितक्याच अंतरात अधिक फेरे घेते. त्यामुळे काटा ६० दाखवील तेव्हा खरा वेग सुमारे ५५ असेल. हा दोष सहन करता येईल. खरा धोका सुकाणूत आहे.

रुग्णालयातील ढकलगाडीची लहान चाके अनेकांनी पाहिली असतील. गाडी पुढे ढकलली की ती आपोआप वळून मागे राहतात आणि सरळ चालतात. कारण त्यांचा जमिनीला टेकणारा बिंदू त्यांच्या खुंटीच्या मागे असतो. मोटारसायकलीच्या पुढच्या चाकाचेही तसेच आहे. हँडल ज्या तिरक्या अक्षाभोवती फिरते तो अक्ष मनाने जमिनीपर्यंत वाढविला, तर तो टायरच्या टेकलेल्या जागेच्या थोडा पुढे पडतो. या दोहोंतील अंतराला कारागिरीच्या भाषेत ट्रेल म्हणतात. रस्त्यातील खाचखळग्यांनी चाक वळू पाहते, तेव्हा त्याला पुन्हा सरळ आणण्याच्या कामी हे अंतर मोठी मदत करते. अक्षाचा कल २७ अंश धरला, तर चाकाची त्रिज्या २८ मिलिमीटरने कमी होताच ट्रेल सुमारे १४ मिलिमीटरने घटतो. शिवाय केवळ पुढचाच भाग खाली आल्यामुळे अक्ष अधिक उभा होतो आणि ट्रेल आणखी कमी होतो. शहरातील मंद वेगात हँडल हलके झाल्याचा आनंद होतो; पण महामार्गावर, मागे माणूस आणि सामान असताना, तेच हँडल थरथरू लागते.

चाक मोठे केले तर अडचणी निराळ्या. जुन्या जावाला १६ इंची चाके असत. ३.२५-१६ ऐवजी ३.२५-१८ बसविले, तर व्यास सुमारे ५७१ वरून ६२२ मिलिमीटरवर, म्हणजे नऊ टक्क्यांनी वाढतो. ब्रेकचा ड्रम तोच राहतो. पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे त्याच दाबाने मिळणारा रोध सुमारे आठ टक्क्यांनी कमी होतो. इंजिनालाही प्रत्येक गियरमध्ये जास्त ओढावे लागते. म्हैसूरहून उदकमंडलमकडे जाणाऱ्या घाटात चढताना इंजिन दमते आणि उतरताना ब्रेक. साखळीच्या दातेरी चक्रांचे दात बदलून पहिली उणीव भरून काढता येते, दुसरी नाही. मधल्या स्टँडवर लावल्यावरही चाक जमिनीला टेकलेलेच राहते, हा आणखी एक त्रास.

रुंदीविषयीही असाच विचार हवा. प्रत्येक टायरसाठी रिमच्या रुंदीची मर्यादा ठरलेली असते. जुन्या बुलेटच्या १.८५ इंच रुंद रिमवर फार रुंद टायर चढविला, तर त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा फुगीर होतो. मोठा टायर घेऊनही सरळ चालताना रस्त्याला टेकणारी पट्टी अरुंद राहते. रुंद टायर साखळीला किंवा मडगार्डला घासू शकतो, आणि तेवढेच वळण घेण्यासाठी गाडी थोडी अधिक कलवावी लागते. पकड वाढावी म्हणून केलेला खर्च अशा रीतीने वाया जातो.

आता आऱ्यांचे चाक आणि ओतीव चाक यांची तुलना. बुलेटच्या चाकाला ४० आरे असतात. ते एकमेकांना छेद देत तुंब्यापासून रिमपर्यंत ताणलेले असतात, आणि या ताणामुळेच बारीक तारांना एवढा भार पेलता येतो. खड्ड्यात आदळल्यावर हे चाक किंचित लवते. त्याला ‘आउट’ आला तर गावचा कारागीरही आरे कमीजास्त आवळून तो काढू शकतो. अॅल्युमिनियमचे ओतीव चाक बिनट्यूबचा टायर घेऊ शकते आणि त्याचे आरे आवळावे लागत नाहीत. पण त्याला तडा गेला, तर ते टाकून द्यावे लागते. झाळकाम केलेल्या चाकावर जिवाचा भरवसा ठेवू नये. साध्या आऱ्यांच्या रिमला प्रत्येक आऱ्याजवळ भोक असल्यामुळे तिच्यावर ट्यूब काढून टायर चालविता येत नाही. दुर्गम भागातील प्रवासाला आरे आणि पक्क्या रस्त्यांवरील रोजच्या वापराला ओतीव चाक, ही निवड समजण्यासारखी आहे. मात्र ओतीव चाकाचा तुंबा, आस, बेअरिंग आणि ब्रेक त्या गाडीशी नेमके जुळले पाहिजेत; वॉशर घालून केलेली जुळवाजुळव रस्त्यावर टिकत नाही.

कायद्याची बाजूही विसरून चालणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे तत्त्व स्पष्ट शब्दांत पुन्हा सांगितले.

मग जुन्या गाडीच्या मालकाने काय करावे? आधी टायरच्या कडेवरील चार आकडे पाहावेत. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. क्वचितच बाहेर निघणाऱ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण रबर उन्हाने आणि वयाने कडक होते, कडांना बारीक चिरा पडतात आणि पहिल्या पावसात पकड सुटते. खाचा खोल दिसतात म्हणून मालक निश्चिंत राहतो, हाच यातील धोका. मूळ मापाचा किंवा त्याच्याशी जुळणाऱ्या नव्या मापाचा ताजा टायर, नवी ट्यूब, गंजलेल्या आऱ्यांच्या जागी नवे आरे आणि काही शे किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासून घेणे, एवढ्याने बहुतेक जुन्या गाड्यांचे चालणे सुधारते. पुढचा आणि मागचा टायर एकाच बांधणीचा असावा आणि कडेवरील बाणाची दिशा पाळावी.

याउपर माप बदलायचेच असेल, तर बाहेरचा व्यास, रिमची रुंदी, टायरची भारक्षमता आणि चाकाभोवतीची मोकळी जागा यांचा हिशेब आधी कागदावर मांडावा. व्यास दोन-तीन टक्क्यांहून अधिक बदलत असेल, तर तो विचार सोडून देणे श्रेयस्कर. चाकांची निवड मालक करतो. पण मागच्या बैठकीवर बसणारा माणूस त्या निवडीवर आपला जीव सोपवितो, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.