सुकाणूचा कंप : लक्षण, कारण आणि निदान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



साहित्य, संगीत आणि संतवाङ्मय यांच्या पंक्तीला मालवाहू मोटारीच्या स्टिअरिंगला पाट मांडलेला पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु या दिल्लीत आपल्या मंडळांचे कोणते कार्य पिकअप गाडीवाचून पार पडते? गणरायाची मूर्ती, मंडपाचे बांबू, नाटकाचे पडदे, कोजागिरीची पातेली, सारे तिच्याच पाठीवरून येते आणि जाते. ओखला, फरिदाबाद, नोएडा येथे लहानमोठे उद्योग चालविणाऱ्या आपल्या बांधवांचा तर रोजचा व्यवहारच तिच्यावर अवलंबून असतो. वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात आयुष्याची बरीच वर्षे घालविल्यानंतर, या गाडीला जडणाऱ्या एका घातक विकाराविषयी चार शब्द सांगावेत, एवढाच आमचा हेतू आहे.

विकाराचे स्वरूप असे. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने सुरळीत चाललेली असते. एखादा खड्डा किंवा उड्डाणपुलाचा सांधा लागतो आणि पुढची दोन्ही चाके क्षणार्धात डावीउजवीकडे फडफडू लागतात. स्टिअरिंग हातातून हिसकले जाते, सारी केबिन थरथरते, आणि खड्डा मागे पडला तरी ही फडफड थांबत नाही. गाडीचा वेग पुरेसा उतरेल तेव्हाच ती शमते. इंग्रजीत हिला ‘शिमी’ म्हणतात. अमेरिकेत पहिल्या महायुद्धाच्या सुमारास गाजलेल्या, खांदे हलविण्याच्या एका नाचाचे हे नाव, पुढे मोटारीच्या चाकांना चिकटले.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. स्टिअरिंगची प्रत्येक थरथर म्हणजे हा विकार नव्हे. एका ठराविक वेगाला थरथर सुरू होऊन वेग वाढताच ती नाहीशी होत असेल, तर चाकाचा तोल बिघडला आहे असे समजावे. ब्रेक दाबल्यावरच थरथर होत असेल, तर दोष ब्रेकच्या ड्रममध्ये वा तबकडीत शोधावा. गाडी सतत एका बाजूस ओढत असेल, तर टायरमधील हवा, चाकांची जुळणी आणि अडकलेला ब्रेक पाहावा. परंतु धक्क्याने सुरू होणारी आणि धक्का संपल्यावरही चालूच राहणारी फडफड ही वेगळी जात आहे. नाडी पाहण्याआधी वैद्य रोग्याला प्रश्न विचारतो, तसे कारागिराने पाना हाती घेण्यापूर्वी चालकाला विचारावे : केव्हा होते, किती वेगाला होते, माल भरलेला असता होते की रिकामी असता, आणि कशाने थांबते? निम्मे निदान या चार प्रश्नांतच होते.

आता कारण पाहू. तोल बिघडलेले चाक किती जोराने धक्का देते, याचा हिशेब सोपा आहे. सत्तर सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी ऐंशी किलोमीटर वेगाला सेकंदात सुमारे दहा फेरे घेते. त्याच्या रिमवर, मध्यापासून वीस सेंटिमीटर अंतरावर पन्नास ग्रॅम वजन जास्त असेल, तर सुमारे चार किलो वजनाइतका धक्का दर सेकंदास दहा वेळा बसतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. झोपाळ्याला त्याच्या लयीत दिलेला हलका हात जसा त्याला उंच नेतो, तसाच हा धक्का चाकांच्या अंगच्या लयीशी जुळला की ती डोलू लागतात.

तथापि खऱ्या फडफडीला बाहेरच्या हाताची गरजच नसते. इस्पितळातील ढकलगाडीचे पुढचे चाक वेगात जाताना आपोआप वळवळते, ते आपण पाहिले असेलच. तेथे चाक वळविणारा कोणी नसतो. गाडीच्या पुढे जाण्यातील शक्तीच रबराच्या लवचीकपणातून आणि सांध्यांच्या ढिलाईतून आडव्या हेलकाव्यात उतरते. वेग आहे तोवर हेलकाव्याला खुराक मिळत राहतो. म्हणूनच वेग उतरविणे हाच तात्कालिक उपाय.

हा विकार विशेषतः अखंड पुढच्या आखाच्या गाड्यांचा आहे. दोन्ही चाके एकाच दणकट दांड्याला जोडलेली असल्याने एका चाकाचे डोलणे दुसऱ्याला भोगावे लागते. १९२० नंतरच्या दशकात कमी हवेचे, जाड टायर आले आणि युरोप-अमेरिकेतील गाड्यांमध्ये या विकाराने थैमान मांडले. १९२५ साली ब्रुलिए या फ्रेंच अभियंत्याने टायरच्या आडव्या सरकण्याकडे लक्ष वेधले. पुढे १९३४ साली जनरल मोटर्सने आपल्या अनेक गाड्यांना प्रत्येक पुढच्या चाकासाठी स्वतंत्र झुलते बसविले, त्यामागील कारणांत ही फडफडही होती. मालवाहू गाड्यांनी मात्र साधेपणा आणि मजबुती यांसाठी अखंड आख सोडला नाही. जुन्या विलीस जीपला तो होता. १९८५ साली गुरगावच्या मारुती कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या जिप्सीला होता, आणि १९८६ साली आलेल्या टाटा ४०७ ला, जी आज दिल्लीच्या प्रत्येक मंडईत दिसते, तिलाही तोच मिळाला. ही रचना सदोष नव्हे. ती उत्तम चालते, मात्र तिचे सांधे घट्ट असले पाहिजेत.

निदानाचा क्रम आम्ही असा सांगू. सर्वप्रथम टायर : हवा दोन्हीकडे सारखी आहे का, कोठे फुगवटा आहे का, झीज वेडीवाकडी आहे का, रिम वाकली आहे का, चाकाचे नट घट्ट आहेत का. दुसरे, गाडी जमिनीवरच उभी ठेवून सोबत्याला स्टिअरिंग थोडे थोडे डावीउजवीकडे हलवावयास सांगावे. पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवावे, गाडीला हँडब्रेक आणि चाकांना ओट लावावी. मग स्टिअरिंगच्या पेटीपासून चाकापर्यंत एकेक सांधा बोट ठेवून पाहावा : पेटीचे बोल्ट, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉडची दोन्ही टोके. एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला दुसरा क्षणभर उशिराने हलतो, तेथे ढिलाई आहे.

तिसरे, पुढचा आख जॅकने उचलून त्याखाली भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. चाक वर आणि खाली धरून हलवावे. हलले तर सोबत्याला ब्रेक दाबावयास सांगून पुन्हा हलवावे. ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिनचा वा तिच्या बुशांचा. चौथे, पाट्यांचे यू-बोल्ट, मधला बोल्ट, शॅकलचे बुश, आणि पेटीजवळच्या चौकटीला तडा आहे का, हे पाहावे. या सर्वांनंतर, आधी नव्हे, चाकांची जुळणी आणि किंगपिनचा मागचा कल मोजावा. झिजलेल्या सांध्यांवर केलेली जुळणी वाळूवर काढलेल्या रांगोळीसारखी असते.

आमच्या पाहण्यात आलेले एक उदाहरण सांगतो. आझादपूरच्या मंडईतून पहाटे भाजी नेणारी एक गाडी आउटर रिंग रोडच्या उड्डाणपुलावर सांधा लागला की फडफडू लागे. एका ठिकाणी चाकांचा तोल साधून दिला. आठवडाभर बरे वाटले. दुसरीकडे स्टिअरिंगचा धक्काशोषक नवा बसविला. फडफड थांबली आणि मालकाने सुटकेचा निःश्वास टाकला. तीन महिन्यांनी ती पूर्वीपेक्षा जोराने परतली. आम्ही गाडी उचलून पाहिली तेव्हा ब्रेक दाबूनही डावे चाक वरखाली डुलत होते. किंगपिनचे बुश ग्रीसअभावी झिजून गेले होते आणि ड्रॅग लिंकचे एक टोक ढिले होते. त्या दोन्ही जागा नव्या केल्या, नंतर जुळणी आणि तोल साधला, आणि विकार गेला. धक्काशोषकाने फडफड दाबली होती, बरी केली नव्हती. तापाची गोळी देऊन रोगी कामावर धाडावा, तसा हा प्रकार. त्या तीन महिन्यांत आतली झीज मुकाट्याने वाढत राहिली.

येथे कायद्याचाही विचार करावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९८व्या नियमानुसार स्टिअरिंगच्या चक्राची ढिलाई ३० अंशांहून अधिक असता कामा नये, चेंडूसांध्यांवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट वा पिना निसटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात. त्या फाटक्या टोपीतूनच धूळ आत शिरते आणि सांधा खाते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे १९०वे कलम तर दोष ठाऊक असूनच नव्हे, साधी काळजी घेतली असता जो कळला असता, तशा दोषासह गाडी रस्त्यावर आणण्यास वा आणू देण्यास अपराध मानते. योग्यतेचा दाखला हा तपासणीच्या दिवसाचा दाखला आहे. दुसऱ्या दिवशीच्या खड्ड्याची हमी तो देत नाही.

प्रत्यक्ष प्रसंग ओढवला तर काय करावे? चक्र दोन्ही हातांनी घट्ट धरावे, अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नयेत. ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. ब्रेक करकचून दाबू नये, हळुवार लावून वेग उतरवावा. फडफड थांबल्यावर इशारा देऊन कडेला यावे. आणि मग, हे सर्वांत महत्त्वाचे, “आता थांबली, जाऊ पुढे” असे म्हणू नये.

परंतु हे म्हणणे चालकाच्या हाती क्वचितच असते. दिवसाची खेप चुकली तर त्याची मजुरी बुडते. गाडी लटपटते असे सांगितले तर मालक त्यालाच हात नीट नाहीत असे म्हणतो. आम्ही असे चालक पाहिले आहेत, जे महिनोन् महिने खड्डे चुकवीत, श्वास रोखून गाडी हाकतात. त्या गाडीच्या पुढे शाळेची रिक्षा असते, बाजूला दुचाकीवर कुटुंब असते. तेव्हा येथे बसलेल्या, गाड्या बाळगणाऱ्या आणि भाड्याने घेणाऱ्या सभासदांना आमची विनंती आहे : चालकाची तक्रार हे पहिले निदान माना. ग्रीसचा खर्च किंगपिनच्या खर्चापुढे नगण्य आहे, आणि किंगपिनचा खर्च एका जिवापुढे. मंडळाने उत्सवासाठी गाडी ठरविताना भाड्याबरोबर दोन प्रश्न अधिक विचारावेत : पुढचे सांधे केव्हा तपासले, आणि पुलावर गाडी लटपटते का? तसेच मालाच्या हौद्यात मुलांना बसवू नये, मिरवणूक कितीही जवळची असो.